एक टक्का गोंधळ

फोनवर चित्रं काढणाऱ्या आम्हा सगळ्यांचा एक कायमचा प्रश्न असतो: आता कुठलं अ‍ॅप शिकायचं? एक हाताला बसेपर्यंत दुसरं येतं. या धावपळीने वैतागले की मला वेरा मोल्नार आठवतात.

त्या १९२४ साली बुडापेस्टमध्ये जन्मल्या आणि १९४७मध्ये पॅरिसला आल्या. १९५९च्या सुमारास त्यांनी एक अजब पद्धत सुरू केली. संगणक जवळ नव्हता, पण आहे असं समजायचं. आधी नियम ठरवायचा, मग दर वेळी त्यात छोटासा बदल करत, साध्या कागदावर, हातानेच चित्रांमागून चित्रं काढायची. याला त्यांनी नाव दिलं ‘काल्पनिक यंत्र’.

खरं यंत्र मिळालं १९६८मध्ये, पॅरिस विद्यापीठाच्या संगणक केंद्रात. त्या फोरट्रान शिकल्या. सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कार्डांवर. सुरुवातीला समोर पडदाही नव्हता. प्लॉटरने पेन धरून कागदावर रेषा ओढल्या, की मगच चित्र दिसायचं. पण यंत्र आलं तेव्हा त्याला काय विचारायचं, हे त्यांना नऊ वर्षांपासून ठाऊक होतं: चौकोनांच्या नीटनेटक्या रचनेत किती गोंधळ घातला की ती जिवंत वाटू लागते? त्यांच्या एका कामाचं नावच आहे ‘एक टक्का गोंधळ’.

पुढे पडदा आला, घरगुती संगणक आला. २०२३मध्ये, ९९व्या वर्षी, त्यांनी कोडमधून तयार होणारी ५०० चित्रं एनएफटी म्हणून आणली. त्याच डिसेंबरमध्ये, शंभरीला महिना उरला असताना, त्या गेल्या.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती १९८०च्या दशकात सुरू झालेली ‘आईची पत्रं’ ही मालिका. त्यांची आई दर आठवड्याला पत्र लिहायची. ओळ सुरू व्हायची ताठ, शिस्तीत, आणि शेवटाकडे अस्वस्थ होत जायची. वयाबरोबर ती अस्वस्थता वाढत गेली. मोल्नार यांनी संगणकाकडून तसंच हस्ताक्षर काढून घेतलं. नियम तोच जुना: थोडी शिस्त, थोडा गोंधळ.

ती चित्रं मी फोनवर बोटांनी मोठी करून बघते. एकही शब्द वाचता येत नाही. पण लिहिणारा हात थकत चाललाय, हे कळतं.