टिपूच्या वाघाचा आवाज कोणाचा?

देवनहळ्ळीच्या किल्ल्याबाहेर दगडी चौकटीतली एक लहानशी जागा टिपू सुलतानचं जन्मस्थान म्हणून दाखवली जाते. इथे जन्मलेल्या टिपूच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं वाद्य मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उताण्या पडलेल्या युरोपीय शिपायाच्या उरावर बसलेला हा रंगवलेला लाकडी वाघ आहे आणि त्याच्या पोटात भाते आणि नळ्या आहेत. दांडा फिरवला की शिपायाचा हात वरखाली होतो, त्याच्या गळ्यातून विव्हळणं निघतं आणि वाघ गुरगुरतो. कुशीवरची झडप उघडली की आत अठरा बटणांचा एक लहानसा ऑर्गनही दिसतो. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला आणि तिथून लंडनला गेला. तेव्हापासून त्याच्याविषयी जे काही लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं टिपूच्या इंग्रजद्वेषाबद्दल आहे. वाद्य म्हणून त्याची प्रकृती कशी आहे, हे विचारणारे फार थोडे. जुनी गिटार विकत घेणारा माणूससुद्धा आधी मान सरळ आहे का, घोडी मूळची आहे का, पोट बसलंय का ते बघतो. इतकी साधी तपासणी या वाघाच्या वाट्याला फार उशिरा आली.

ही तपासणी केली की एक गोष्ट मान्य करावी लागते. जुन्या वाद्यातून जो आवाज येतो तो जेवढा घडवणाऱ्याचा असतो, तेवढाच नंतर दुरुस्त करणाऱ्यांचाही असतो. 1808 पासून हा वाघ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत लोकांना पाहायला ठेवला होता. येणाराजाणारा दांडा फिरवून बघत असे आणि शेजारच्या ग्रंथालयात वाचत बसलेल्यांना त्याचा त्रास होई. पुढे तो दांडाच नाहीसा झाला. वाघ संग्रहालयात आल्यावर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून छत कोसळलं आणि लाकडी कवचाचे शेकडो तुकडे झाले. ते जुळवून 1947 पर्यंत वाघ पुन्हा उभा करण्यात आला. विसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री विलिस या ऑर्गन बांधणाऱ्या तज्ज्ञाने त्याचं यंत्र दुरुस्त केलं. नंतर यांत्रिक वाद्यांचे अभ्यासक आर्थर ऑर्ड-ह्यूम यांनी ते बारकाईने तपासलं तेव्हा त्यांचं मत कठोर पडलं: पूर्वी कधीतरी यात निर्दयपणे फेरफार झाले आहेत आणि मूळ रचनेचा मोठा भाग त्यात गेला आहे. म्हणजे आज ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी गुरगुर टिपूने ऐकली तशीच आहे असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. त्या अठरा बटणांचंही तसंच. त्यांवरून बोटांची पेरं सरसर फिरवून नुसता आक्रोश काढायचा असावा, असं विलिस यांना वाटत होतं. ते बरोबर असो वा नसो, वाजवण्याची रीत सांगणारं माणूस शिल्लक राहिलं नाही, म्हणूनच असा तर्क करण्याची पाळी आली.

यावर कोणी म्हणेल की दुरुस्ती केलीच नसती तर वाघ मुका राहिला असता, आणि मुकं वाद्य काय कामाचं? आक्षेप रास्त आहे. दुरुस्तीला माझा विरोध नाही. उलट दुरुस्तीवाचून कोणतंच वाद्य शंभर वर्षं वाजत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा मिरजेत आहे. मिरज पटवर्धनांची, आणि त्याच घराण्यातल्या परशुरामभाऊंनी 1791 मध्ये टिपूच्या सैन्याकडून धारवाड घेतलं होतं. लढायांचा काळ सरला तशी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांना दुसरं काम हवं झालं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी सतार-तंबोऱ्याचं काम सुरू केलं, असं मिरजेची परंपरा सांगते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणाचं लाकूड आणि घोडी घासून घासून लावलेली जवारी हा त्या कामाचा आत्मा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

जुन्या मिरजी तंबोऱ्याची घोडी तारांच्या घर्षणाने झिजते, तिच्यावर चरे पडतात आणि आवाज बोदा होतो. मग कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन घोडीचा माथा केसभर उतरता करतो, तार चढवतो, खाली सूत सरकवतो, ऐकतो, पुन्हा तार उतरवतो. तारेने घोडीला नेमकं किती अंतर चाटून जायचं हे मापाच्या पट्टीवर सापडत नाही. ते त्याने वडिलांच्या शेजारी बसून ऐकलेलं असतं. भोपळा तडकला तर बदलतात, खुंट्या बदलतात. तरीही त्या तंबोऱ्याला मिरजेचा म्हणण्यात खोटं काही नाही, कारण घडवणारा कान आणि दुरुस्त करणारा कान एकाच परंपरेतले आहेत. वाघाच्या बाबतीत ही साखळी 1799 मध्येच तुटली. विलिस मोठे कारागीर होते, पण त्यांचा कान इंग्लंडमधल्या चर्चच्या ऑर्गनवर तयार झालेला होता.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: लाकूड जसं मुरतं तसा आवाज गोड होतो, तेव्हा वयाला किंमत आहेच. लाकडात काळानुसार बदल होतात हे खरं. पण झिजलेल्या घोडीचा तंबोरा कितीही मुरलेल्या लाकडाचा असो, तो सुरात गुंजत नाही, आणि फाटक्या भात्याचा वाघ गुरगुरत नाही. मुरलेल्या लाकडाला बोलतं करायला शेवटी कोणाचा तरी हात लागतोच. त्या हाताची नोंद आपण ठेवत नाही, ही खरी हानी आहे. वाघावर कोणी कधी काय बदललं याचे कागद पहिल्या दिवसापासून असते, तर ऑर्ड-ह्यूम यांच्यावर यंत्राच्या जखमांवरून अंदाज बांधण्याची वेळ आली नसती.

तुमच्या घरात आजोबांचा तंबोरा असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी त्याच्या चारही तारांचा आवाज मोबाइलवर नोंदवून ठेवा. काढलेली जुनी घोडी कारागिराकडून परत मागून घ्या. आणि काय बदललं, कोणी, कोणत्या साली, हे एका कागदावर लिहून तो गवसणीत ठेवा.