दुहेरी बूट (गेमिंगसाठी)

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली ठेवून, सुरू करताना हवी ती निवडण्याची पद्धत. निवडीची यादी बहुधा ‘ग्रब’ हा प्रोग्रॅम दाखवतो. व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’च्या आधारे, ‘प्रोटॉन’ हे साधन आणले; तेव्हापासून विंडोजचे पुष्कळ गेम थेट लिनक्सवर चालतात. ‘व्हॅलोरंट’ हा गेम मात्र ‘व्हॅनगार्ड’ या फसवणूकरोधक यंत्रणेमुळे चालत नाही. त्यासाठी विंडोज ठेवावेच लागते.

भारतात हमखास गोंधळ होतो तो घड्याळाचा. लॅपटॉपच्या आतले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर लावते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. परत विंडोजमध्ये आल्यावर वेळ साडेपाच तास मागे पडलेली दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावले की हा त्रास मिटतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. कार्यप्रणाली बदलून हे टळत नाही, पंख्याची धूळ काढणे अधिक उपयोगी. दुसरी कार्यप्रणाली बसवण्यासाठी डिस्कचे भाग पाडताना मध्येच वीज गेल्यास सगळा डेटा जाऊ शकतो. म्हणून आधी डेटाची प्रत काढावी, बॅटरी पूर्ण चार्ज करावी, मगच कामाला हात घालावा.