वाळुंजाची साल आणि रोजची गोळी

पन्नाशी उलटलेल्या अनेकांच्या घरी आज एक लहानशी गोळी आढळते. मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघ्यात, आतल्या पाड्यांवर किंवा भिवंडी-कल्याणच्या चाळींत घरभेटीस गेले, की चष्म्याच्या शेजारी तिची पट्टी पडलेली दिसते. कोणी तिला 'हार्टची गोळी' म्हणतो, कोणी 'रक्त पातळ करायची गोळी'. वेष्टनावर नाव कोणतेही असो, आत असते ती ॲस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅमची. ती कशासाठी घेता, असे विचारले तर उत्तरे निरनिराळी येतात. एकाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. दुसऱ्याला काहीच झालेले नसते. शेजारी घेतो म्हणून तोही घेतो. तिसऱ्याला ती खरोखर हवी असते, पण 'आता बरे वाटते' म्हणून त्याने ती कधीच सोडून दिलेली असते. या तिघांमधला भेद उमजायला वैद्यकशास्त्रालाही फार काळ लागला. आम्ही वैद्य नाही, आणि औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. परंतु या गोळीचा इतिहास ठाऊक असेल तर वैद्याचा सल्ला अधिक समजून घेता येतो, या विश्वासाने तो येथे मांडत आहोत.

या इतिहासाच्या आरंभी एक धर्मगुरूच उभा आहे. रेव्हरंड एडवर्ड स्टोन हे इंग्लंडमधील चिपिंग नॉर्टन या गावी राहणारे अँग्लिकन पाळक. एके दिवशी त्यांनी विलो वृक्षाची साल चघळून पाहिली आणि तिच्या कडूपणाने ते चकित झाले. त्या काळी हिवतापावर पेरू देशातून येणारी सिंकोनाची साल देत असत. येशूसंघीय मिशनऱ्यांनी ती युरोपात परिचित केली, म्हणून तिला 'जेझुइटांची साल' असेही नाव पडले होते. ती फार महाग असे. विलोची चव तिच्यासारखीच कडू लागल्याने स्टोन यांच्या मनात आशा उत्पन्न झाली. शिवाय, रोग जेथे उपजतो तेथेच त्याचा उपायही परमेश्वराने ठेवलेला असतो, अशी तेव्हाची समजूत होती. ताप दलदलीच्या जागी, आणि विलोही पाण्याच्या काठी! तर्क कच्चा होता, पण स्टोन तर्कावर थांबले नाहीत. त्यांनी साल भट्टीपाशी तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिचे चूर्ण केले, अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून सुमारे ५० तापकऱ्यांना ते दिले, आणि आलेला अनुभव १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवला.

विलोचे एक भावंड आपल्याकडेही आहे. सह्याद्रीच्या ओढ्यानद्यांच्या काठी वाढणारा वाळुंज तो हाच. युरोपच्या प्रयोगशाळांना मात्र रस होता तो सालीच्या पोटात दडलेल्या द्रव्यात. १८२८ मध्ये म्यूनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतून कडू पिवळसर द्रव्य वेगळे केले व त्याला सॅलिसिन म्हटले. १८३८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले. संधिवातावर ते गुणकारी ठरले, पण पोटाची आग करी व मळमळ आणी. १० ऑगस्ट १८९७ रोजी जर्मनीच्या बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमान यांनी त्याचे सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केल्याची नोंद आहे. हे रूप १८५३ मध्ये शार्ल गेरार यांनीही बनवले होते, पण अशुद्ध. हॉफमान यांचे सहकारी आर्थर आयखेनग्रून हे ज्यू होते. नाझींच्या छळछावणीतून ते वाचले आणि १९४९ साली त्यांनी लिहून ठेवले, की हे काम आपल्या सूचनेवरून झाले होते. श्रेयाचा तो वाद अजून मिटलेला नाही. १८९९ मध्ये 'ॲस्पिरिन' हे नाव नोंदवले गेले आणि पुढची ५० वर्षे जगाने तिला डोकेदुखीची व तापाची गोळी म्हणूनच ओळखले. आपल्या जुन्या पिढीने तिला ॲस्प्रो आणि डिस्प्रिन या नावांनी जवळ केले.

डोकेदुखीची गोळी हृदयापर्यंत पोहोचली ती एका साध्या डॉक्टरच्या निरीक्षणामुळे. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथील लॉरेन्स क्रेव्हन घशातील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया करीत. दुखणे थांबावे म्हणून रुग्णांना ॲस्पिरिनयुक्त च्युइंगगम चघळायला देत. जे ते फार चघळत त्यांचे रक्त थांबता थांबत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी स्वतः रोज १२ गोळ्या घेऊन पाहिल्या. नाकातून रक्त येऊ लागले. मग त्यांनी उलटा विचार केला. हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी होऊन झटका येत असेल, तर रक्त गोठू न देणारी ही गोळी झटका टाळणार नाही काय? त्यांनी शेकडो, पुढे हजारो पुरुषांना ती रोज दिली, आणि आपल्या रुग्णांपैकी कोणासही झटका आला नाही असे १९५० ते १९५६ या काळात लहानशा नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. परंतु तुलनेसाठी गोळी न घेणारा गट त्यांनी ठेवला नव्हता, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९५७ साली क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच वारले.

हे कसे घडते याचा उलगडा १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या संशोधनाने होऊ लागला. १९८२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. रक्तात प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म बिंबिका असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबते. एकमेकींना साद घालण्यासाठी त्या जे रसायन बनवतात, ते बनवणारी यंत्रणाच ॲस्पिरिन कायमची बंद पाडते. बिंबिकेला पेशीकेंद्र नसते, म्हणून तिला ती यंत्रणा पुन्हा उभारता येत नाही. तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. ते संपेतो ती मुकीच राहते. लहान मात्रा का पुरते आणि ती रोज का घ्यावी लागते, याचे उत्तर येथे आहे: रोज नव्या बिंबिका जन्माला येतात, त्यांना गप्प करायला थोडेसे औषध पुरे. 'रक्त पातळ होते' हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. रक्त पातळ होत नाही. ते गोठण्याची तयारी मंदावते. रोहिणीत ही तयारी मंदावणे उपकारक, पण जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर तेच घातक. एकच गुण, दोन फळे.

मग मोठ्या चाचण्यांचे युग आले. १९८८ साली प्रसिद्ध झालेली आयसिस-२ ही चाचणी त्यांतली अग्रगण्य. ४१७ रुग्णालये, १७,१८७ रुग्ण, सर्वांना झटका येत असल्याचा संशय. निम्म्यांना महिनाभर रोज १६२ मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने पोकळ गोळीच्या गटात शेकडा ११.८ दगावले, ॲस्पिरिनच्या गटात ९.४. या अहवालात एक गमतीची नोंद आहे. संशोधकांनी रुग्णांची जन्मराशींनुसार विभागणी करून दाखवली, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना गोळीचा लाभ होत नाही असे दिसले! आकड्यांचे फार तुकडे केले की त्यांतून काहीही निघते, हा इशारा त्यांना द्यायचा होता. पंचांग उघडून औषध ठरवणाऱ्यांनीही तो ऐकण्यासारखा आहे.

२००२ साली २८७ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. ज्यांना एकदा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, अशा जोखमीच्या रुग्णांत ही गोळी पुढील गंभीर आघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी करते, आणि त्यासाठी ७५ ते १५० मिलिग्रॅम पुरतात, असे ठरले. येथपर्यंत मतभेद नाही.

घोटाळा झाला तो निरोगी माणसांच्या बाबतीत. अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९८९ मध्ये आला: एक दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. ही वार्ता जगभर पसरली. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे एकूण मृत्यू घटले नव्हते, आणि ५,१३९ ब्रिटिश डॉक्टरांवरच्या चाचणीत लाभच दिसला नव्हता. पण या वार्ता मागे पडल्या. चाळिशी ओलांडली की रोज एक ॲस्पिरिन घ्यावी, असे कित्येक सुशिक्षित घरांतून ठरूनच गेले.

तीस वर्षांनी हिशेब पुन्हा मांडला गेला. २०१८ मध्ये मुख्यतः सत्तरीपुढच्या १९,११४ निरोगी वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १०० मिलिग्रॅम घेऊन अपंगत्वाविना जगण्याची वर्षे वाढली नाहीत. मोठे रक्तस्राव मात्र ३८ टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षी १५,४८० मधुमेही रुग्णांवरचा अभ्यास आला. गंभीर आघात शेकडा ९.६ वरून ८.५ वर आले, पण मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने स्पष्ट सांगितले, की ज्यांना पूर्वी हृदयविकार झालेला नाही त्यांनी साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, जोखीम अधिक असलेल्यांनी डॉक्टरांशी विचार करून ठरवावे.

हे सारे परदेशांचे झाले, आपले काय? आपल्या उपखंडातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांपेक्षा जवळजवळ सहा वर्षे आधी, असे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून दिसून आले आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली बंगळूरला स्थापलेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी या विषयात मोलाचे काम केले. त्यांनी ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद घेतली व २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. रुग्णालय गाठेपर्यंत लागणारा मध्यम काळ ६ तासांचा होता. प्लेटलेट रोखणारी औषधे जवळजवळ सर्वांना मिळाली; महागडे उपचार मात्र गरिबांना कमी मिळाले. महिन्याभरात गरिबांपैकी शेकडा ८.२ दगावले, श्रीमंतांपैकी ५.५. पुढे २०२१ मध्ये, ५,७१३ लोकांवरच्या आणि जवळजवळ निम्मे सहभागी भारतीय असलेल्या चाचणीत, आजार नसलेल्यांना केवळ ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनने ठाम लाभ होतो असे सिद्ध झाले नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा २०११ सालचा आहे. १७ देशांतील एका पाहणीत असे आढळले, की ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशांपैकी श्रीमंत देशांत शेकडा ६२ जण प्लेटलेट रोखणारे औषध घेत होते. भारत ज्या गटात होता त्या गरीब देशांत शेकडा ९ देखील नाहीत. खेड्यांत शहरांहूनही कमी. या गोळीला रुपयाही पडत नाही, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचे नाव आहे. मग उणीव कशाची? पैशाची थोडी, पण आठवण करून देणाऱ्याची अधिक. रुग्णालयातून घरी आलेल्याला चिठ्ठीतली ही गोळी कायमची आहे, हे कोणी समजावलेले नसते. पट्टी संपते आणि औषधही संपते.

पडघ्यासारख्या ठिकाणी या इतिहासाचा अर्थ असा होतो. झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, किंवा रोहिणीत स्टेंट बसवली असेल, आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल, तर ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये. दात काढायचा असला तरी आधी विचारावे. काहीच झाले नसेल तर केवळ शेजाऱ्याचे पाहून ती सुरू करू नये. पोटात व्रण असणाऱ्याने, काळ्या रंगाचे शौच होणाऱ्याने विनाविलंब वैद्याला दाखवावे. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात डेंग्यूची साथ येते. त्या तापात प्लेटलेट आधीच घटतात, म्हणून अंगदुखीसाठी ॲस्पिरिन घेणे घातक. आणि जो ती रोज घेतो, त्याने ताप येताच पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते सांगावे. भातशेतीत सर्पदंश झाला तर वेदनेसाठी ही गोळी देऊ नये, कारण घोणस-फुरशाचे विष रक्त गोठूच देत नाही. छातीत कळ येऊन घाम फुटला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ वर दूरध्वनी करावा, आणि ॲस्पिरिन चघळायची की नाही हे तेथूनच विचारून घ्यावे. महामार्गावर मालट्रकांची रांग लागलेली असताना भिवंडी किंवा कल्याण गाठायचे असते. तेथे एकेक मिनिट मोलाचे.

रेव्हरंड स्टोन यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. महागडी साल न परवडणारे तापकरी त्यांच्या भोवती होते, आणि स्वस्त उपाय हाती लागावा ही तळमळ होती. तो उपाय आज मिळाला आहे, आणि कोणासाठी तो उपाय नाही हेही कळले आहे. आता उरले आहे ते गावातल्याच माणसांनी करायचे काम. आपल्या वाडीत, आळीत कोणाला झटका येऊन गेला आहे हे आपणा सर्वांना ठाऊक असते. त्याची पट्टी संपली का, एवढे विचारायला पदवी लागत नाही.