पेटीवादनातील गायकी अंग

पेटीवादनातील गायकी अंग म्हणजे हार्मोनियम ऊर्फ पेटी किंवा संवादिनी या वाद्यावर एकल वादन करताना कंठसंगीतातील स्वरवाक्यांची घडण, श्वासाचे थांबे, शब्दांचे आघात आणि मुखड्याची डौलदार आमद यांचे अनुसरण करण्याची पद्धती होय. महाराष्ट्रात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. पेटीवर एकदा दाबलेला स्वर वाकवता येत नाही, त्यामुळे भावपूर्ण वाक्यरचना या वाद्यावर शिकता येते काय, हा प्रश्न तिच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे. गायकी अंगाची सारी तालीम या प्रश्नाभोवती उभी राहिली.

वाद्याची मर्यादा

हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे घेतले. भारतात हाताने भाता चालवण्याची सुटसुटीत पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास तयार होऊ लागली आणि थोड्याच काळात ती कीर्तन, नाटक, तमाशा व मैफल यांत सर्वत्र शिरली. शिकावयास सोपी, सुरात लावण्याचा खटाटोप नाही आणि आवाज मोठा, ही तिच्या प्रसाराची कारणे होत.

तिचे उणेपणही तितकेच उघड आहे. पट्टी दाबली की स्वर एकाच उंचीवर उभा राहतो. सतारीची तार ओढून किंवा सारंगीच्या तारेवर नख सरकवून एका स्वरातून दुसऱ्यात जी मींड घेतली जाते, ती येथे संभवत नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार पेटीवर निघत नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने गवयाच्या गळ्यातील सूक्ष्म स्वरस्थाने तिच्यात सापडत नाहीत.

इतर देशांच्या संगीतातही वाद्य गळ्याच्या मागे धावताना दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात गिटारवादक तार बोटाने ढकलून स्वर चढवतो आणि गायकाचा हुंकार वाद्यातून काढतो. प्रसिद्ध ब्लूज वादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांना आपले नातलग बुका व्हाइट यांच्यासारखे तारेवर नळी सरकवून वाजवणे साधले नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने स्वर थरथरवण्याची स्वतःची रीत बसवली. गाताना ते गिटार थांबवीत आणि गिटार बोलू लागली की स्वतः गप्प राहत. गिटारच्या वादकाजवळ निदान ढकलण्याजोगी तार असते. पेटीवाल्याजवळ तीही नसते, म्हणून त्याला वाक्याचा अर्थ स्वर वाकवून नव्हे, तर तो केव्हा सुरू करावा, किती वजनाने लावावा आणि कोठे सोडावा यांतूनच सांगावा लागतो.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापुरात १८८३ मध्ये स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब हे गाणे ऐकण्याचे आणि त्यावर वाद घालण्याचे मोठे ठिकाण होते. टेंबे यांच्या संगीतशिक्षणाचा प्रारंभ याच वातावरणात झाला. पेटीवादनात ते बहुतांशी स्वयंशिक्षित होते.

शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) कोल्हापूर दरबारी राहिले. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बिघडला आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली गायकी त्यांनी नव्याने घडवली, असे सांगितले जाते. टेंबे यांनी त्यांच्याकडे गंडा बांधून रीतसर तालीम घेतली नव्हती, तरी ते स्वतःला खाँसाहेबांचे शिष्य मानीत. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. दुसरा मोठा संस्कार भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा. बुवांच्या गाण्याला टेंबे पेटीची साथ करीत.

अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा या दोघांचेही गाणे ध्वनिमुद्रिकांतून आज ऐकावयास मिळत नाही. टेंबे यांनी जे उचलले ते समोर बसून, कानाने आणि साथीच्या बोटांनी. तबकडी पुन्हा पुन्हा लावून एखादी जागा उतरवून घेण्याची सोय त्या शिक्षणात नव्हती. एकदा निसटलेली जागा पुन्हा ऐकण्यासाठी पुढच्या मैफलीची वाट पाहावी लागे.

पुढे टेंबे साथीपासून दूर झाले आणि स्वतंत्र वादनाकडे वळले. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. पूरब अंगाच्या ठुमरीचा ढंग मराठी नाट्यपदांत रुजवण्याचे मोठे श्रेय या चालींना आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांत होते. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाला त्यांचे संगीत होते आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाची पेटी केवळ बोटांच्या चपळाईवर उभी नव्हती, हे लक्षात घ्यावयास हवे. चाल बांधणाऱ्याला शब्द कोठे तुटतो आणि कोठे जोडला जातो याचा विचार करावाच लागतो.

तालमीची रीत

गायकी अंग शिकवताना आधी गळा आणि मग बोट, हा क्रम पाळला जातो. विद्यार्थ्याचा आवाज गोड असण्याची आवश्यकता नसते. वाजवावयाचे स्वरवाक्य त्याला म्हणता आले पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. बंदिशीचे शब्द पाठ केल्याशिवाय ती पेटीवर काढू दिली जात नाही, कारण शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांवरूनच स्वराची लांबी आणि आघात ठरतात. केवळ सरगम लिहून घेतलेल्या विद्यार्थ्याचे वादन स्वरांनी अचूक असते, परंतु ते वहीतून वाचल्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट भात्याची. उजवा हात सर्वांना दिसतो, त्यामुळे विद्यार्थी त्याच्यावरच मेहनत घेतो. प्रत्यक्षात वादकाचा श्वास डाव्या हातात असतो. भाता सारख्या जोराने हालत राहिला की प्रत्येक स्वर सारख्याच आवाजात बाहेर पडतो आणि कोणत्याच स्वराला वजन येत नाही. पेटीच्या आत हवा साठवणारा दुसरा भाता असल्याने बाहेरच्या हाताचा दाब स्वरात उतरावयास किंचित वेळ लागतो. म्हणून स्वर फुलवावयाचा असेल तर दाब थोडा आधी द्यावा लागतो, आणि वाक्य संपवताना केवळ भात्यावर विसंबून न राहता बोटही वेळेवर उचलावे लागते. यासाठीचा सराव साधा आहे. वाक्य गावे, श्वास कोठे घेतला ते ध्यानात ठेवावे आणि पेटीवर नेमका तेथेच आवाज तोडावा. गवई जेथे श्वास घेईल तेथे पेटीनेही घ्यावा.

मींडेचा आभास कणस्वरांनी निर्माण करतात. पहिल्या स्वराचे बोट सुटण्यापूर्वी दुसऱ्या पट्टीला हलका स्पर्श करावयाचा आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी करावयाचा. मात्र मधल्या पट्ट्यांवरून बोट फिरवणे सरसकट चालत नाही. भूप रागात वरच्या षड्जावरून धैवतावर येताना निषादाला स्पर्श झाला तर वर्ज्य स्वर लागतो. तेथे षड्जाचा कण धैवताला देऊन उतरावे लागते. दरबारीत गंधारावर मुक्काम न करता मध्यमाचा कण घेऊन त्याला झटकन स्पर्श करावा आणि ऋषभावर यावे, असा मार्ग काढतात. गंधाराच्या जागी दोन पट्ट्या आलटून पालटून दाबून आंदोलनाचा देखावा करणारेही आढळतात. तो कानाला आंदोलनापेक्षा खटक्यासारखाच लागतो.

भूप आणि देसकार ही जोडी या शिक्षणात फार उपयोगी पडते. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत, म्हणजे दाबावयाच्या पट्ट्या त्याच. भूपात गंधारावर विसावा असतो आणि रागाचा जीव पूर्वांगात असतो. देसकारात धैवत बलवान असून वाक्ये उत्तरांगाकडे झेपावतात. कोणत्या स्वरावर थांबावे, कोणत्या स्वरावरून केवळ जावे, एवढ्यावर रागाचे रूप पालटते. ज्याला पेटीवर हे दोन राग वेगळे दाखवता आले, त्याला स्वरवाक्याचे मर्म उमगले असे समजावयास हरकत नाही.

मराठीत भावपूर्ण स्वरवाक्याला ‘जागा’ म्हणतात, हा शब्दही अर्थपूर्ण आहे. जागा ‘घेतात’, आणि ती घेण्यापूर्वी रिकामी असावी लागते. नवशिका मात्र प्रत्येक मात्रा स्वरांनी भरून काढतो. यावर साथ आणि लेहरा हे दोन उतारे मानले जातात. तबल्याच्या एकल वादनाला लेहरा धरताना एकच ओळ दीर्घकाळ अढळ लयीत वाजवावी लागते, त्यामुळे समेचे भान अंगात मुरते. गवयाची साथ करताना त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते आणि उरलेल्या अवकाशात त्याच्या शेवटच्या स्वरांचा प्रतिध्वनी द्यावा लागतो. पुष्कळ एकल वादकांचे खरे शिक्षण साथीला बसूनच झाले आहे.

आक्षेप आणि बंदी

पेटीवरील आक्षेपांना विसाव्या शतकात शास्त्रीय स्वरूप आले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या संशोधनावरून श्रुती-हार्मोनियम सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. अशा पेट्यांनी स्वरस्थानांचा प्रश्न बराच सुटतो, पण एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

रवींद्रनाथ ठाकूर यांचाही या वाद्याला विरोध होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांवरून हार्मोनियमला बंदी केली. १९७१ च्या सुमारास साथीपुरती मर्यादित सवलत मिळाली, एकल वादनावरील निर्बंध मात्र त्यानंतरही दीर्घकाळ टिकले. घरोघरी रेडिओ हाच संगीताचा शिक्षक होता त्या काळात पेटी शिकणाऱ्या मुलाला पेटीचे उत्तम एकल वादन रेडिओवर ऐकावयास मिळाले नाही. त्याने ऐकले ते गवई, सारंगिये आणि सनईवाले. गायकी अंगाच्या दृष्टीने हा तोटा पूर्णपणे तोटाच ठरला असे म्हणता येत नाही, तथापि वादकांच्या उपजीविकेला आणि मानाला त्याने धक्का दिला, यात शंका नाही.

नंतरचे वादक

पेटीच्या एकल वादनात पुढे पी. मधुकर या नावाने ओळखले जाणारे मधुकर पेडणेकर आणि त्यांचे शिष्य, मूळचे गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी नाव मिळवले. बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री देण्यात आली. नाट्यपदांतील जागा पेटीवर जशाच्या तशा उमटवण्यासाठी गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) प्रसिद्ध होते. आप्पा जळगावकर यांची ख्याती प्रामुख्याने मोठमोठ्या गवयांच्या साथीची. कोल्हापूरच्या शेजारी बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी अनेक दशके विद्यार्थी घडवले. कंठसंगीतात त्यांना रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन लाभले होते.