पाहुण्या पेशींची मोजदाद

चार महिन्यांपूर्वी बाबांचं ऑपरेशन झालं. रक्ताच्या दोन पिशव्या लागणार होत्या. मी रक्तपेढीच्या खिडकीत उभा राहून, दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतात तशी, त्यावरची तारीख बघत होतो. वीस दिवसांपूर्वीची! "ताजं नाहीये का?" मी विचारलं. आतला माणूस शांतपणे म्हणाला, "दादा, हे दूध नाहीये. चालतं."

चालतं, पण हे कुणी आणि कसं ठरवलं? बाबा घरी आल्यावर वाचायला बसलो, तेव्हा विनिफ्रेड ॲश्बी या बाई भेटल्या.

काळ १९१९, ठिकाण अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. रक्तगट माहीत झाले होते, रक्त दिलंही जात होतं. पण दिलेल्या लाल पेशी आत गेल्यावर टिकतात किती दिवस? फार तर दोन-तीन आठवडे, असा तेव्हाचा समज. मोजणार कसं, हीच खरी पंचाईत होती. सगळ्या लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. घरची कोण आणि पाहुणी कोण, कसं ओळखायचं?

ॲश्बीबाईंची युक्ती वाचून मी खुर्चीतून उठलोच. समजा, ए गटाच्या पेशंटला ओ गटाचं रक्त दिलंय. नंतर त्याच्या रक्ताचा थेंब घ्यायचा आणि ए पेशींच्या गुठळ्या करणारा सीरम त्यात मिसळायचा. पेशंटच्या स्वतःच्या पेशी एकमेकींना चिकटतात, ओ गटाच्या सुट्या राहतात. मग सुट्या पेशी मोजायच्या. बस्स! ज्याला शोधायचंय त्याच्यावर खूण करता येत नसेल, तर बाकीच्यांना बाजूला काढा. आम्ही लॉग फाइलमध्ये रोज हेच करतो, पण बाईंनी ते काचेच्या पट्टीवर केलं.

उत्तर आलं, तीस दिवस आणि त्याहूनही जास्त. लगेच सगळ्यांना पटलं असं नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्त साठवणं ही निकड झाली आणि इंग्लंडमध्ये मॉलिसनसारख्या संशोधकांनी हीच पद्धत हाताशी घेतली. साठवलेलं रक्त चांगलं की वाईट, हे बाटलीकडे बघून ठरत नाही. दिलेल्या पेशी माणसाच्या अंगात किती टिकतात, यावर ठरतं.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड शेमिन यांनी तर स्वतःवरच प्रयोग केला. जड नायट्रोजन असलेलं ६६ ग्रॅम ग्लायसीन तीन दिवसांत खाल्लं आणि आपल्याच रक्तात ती खूण किती काळ दिसते ते पाहिलं. पेशीचं आयुष्य निघालं सुमारे १२७ दिवस. म्हणजे बाईंची दिशा बरोबर होती. १९५० पासून किरणोत्सारी क्रोमियमची खूण आली आणि हे काम सोपं झालं.

आज लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. अमेरिकेतला निकष असा की दिल्यानंतर २४ तासांनी सरासरी निदान ७५ टक्के पेशी टिकलेल्या हव्यात. आणि माझा 'ताजं' चा हट्ट? २०१५ साली अतिदक्षता विभागातल्या पेशंटांवरच्या एका मोठ्या चाचणीत आठवड्याभराच्या आतलं रक्त आणि नेहमीचं साठवलेलं रक्त यांची तुलना झाली. ताज्याने जास्त जीव वाचले नाहीत. खिडकीतला माणूस बरोबर होता, मी उगाच त्याचा वेळ खाल्ला.

एक गंमत अजून. पिशवीत सगळ्या वयाच्या पेशी असतात, काही कालच्या, काही शंभर दिवसांच्या. म्हणून त्या एकदम संपत नाहीत, रोज थोड्या थोड्या गळतात.

काल हिशेब केला. ऑपरेशनला १२५ दिवस झाले. म्हणजे त्या दोन अनोळखी माणसांच्या पेशी बाबांच्या अंगातून जवळजवळ संपल्या. आता तिथे जे वाहतंय ते बाबांचं स्वतःचं. आणि ते सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून आईशी भांडत होते.

असो. पुढच्या शनिवारी ऑफिसात रक्तदान शिबिर आहे. या वेळी मीटिंगचं कारण सांगणार नाहीये.