फटफटीची गोष्ट

मोटारसायकलला आपल्या आज्या ‘फटफटी’ म्हणायच्या. आवाजावरून पडलेलं नाव. आजही एखादी म्हातारी म्हणतेच, “नातू फटफटीवर आला.” दिल्लीत मात्र हे नाव एका वेगळ्याच गाडीला होतं. पुढून मोटारसायकल आणि मागून टांगा, अशी ती तीन चाकांची गाडी. आज आम्ही तिचीच गोष्ट सांगणार आहोत. ती सांगायची कारण ती कुठल्या कारखान्यात बनली नाही. मोडक्यातोडक्या भागांतून गल्लीतल्या मिस्त्र्यांनी ती उभी केली.

सुरुवात होते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने लष्करासाठी मोटारसायकली बनवल्या, ८०-९० हजारांच्या घरात. ७४० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, वजन जवळजवळ अडीचशे किलो. क्लच पायाने दाबायचा आणि गिअर टाकीजवळच्या दांड्याने हाताने टाकायचे. १९४५ साली युद्ध संपलं आणि इथे आलेल्या अशा गाड्या नको झाल्या. परत न्यायचा खर्च कोण करणार? त्या स्वस्तात विकल्या गेल्या. दोनच वर्षांत फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून घरदार सोडून आलेली माणसं दिल्लीत पोटाचं साधन शोधत होती. त्यातल्या काहींना ही गाडी सापडली.

मागचं एक चाक काढून दोन बसवायची, वर बाकडी आणि छप्पर घालायचं, ऐकायला सोपं वाटतं. पण इथे एक अडचण आहे, आणि बैलगाडी पाहिलेल्या बाईला ती लगेच कळेल. बैलगाडीचं प्रत्येक चाक आसावर आपापलं फिरतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, तरी काही बिघडत नाही. इंजिनाच्या गाडीत चाकाला ताकद द्यायची असते. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळताना एक चाक फरफटतं, टायर झिजतो, गाडी उलटायची भीती असते. म्हणून मध्ये दातेरी चाकांची एक पेटी लागते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना ताकद देते आणि वेगवेगळ्या वेगाने फिरूही देते. पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसरीचा, आणि दोन्ही एका रेषेत बसवायचे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना कापड ओढलं गेलं तर सुरकुती पडते. इथे सुरकुती पडली तर माणसं रस्त्यावर पडतात. हे काम करणाऱ्या मिस्त्र्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं.

या फटफट्या कॅनॉट प्लेसहून लाल किल्ला, चांदणी चौकाकडे धावायच्या. सहा सवाऱ्यांची गाडी, बसायचे त्याहून जास्त. पुढे ते अमेरिकन इंजिन परवडेना. पेट्रोल फार प्यायचं आणि त्याचे सुटे भागही मिळेनात. मग शेतातल्या पंपाला असतं तसं डिझेल इंजिन त्याच जागी आलं. असं करता करता मूळ गाडीचं थोडंच उरलं, पण रुबाब तोच राहिला.

मग १९९८ साल आलं. दिल्लीची हवा इतकी बिघडली होती की सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुनी धंद्याची वाहनं रस्त्यावरून काढायला सांगितली. फटफटीही गेली. हवेसाठी हे गरजेचं होतं, हे आम्ही मानतो. त्या धुरात लहान मुलंही श्वास घेत होती. पण ज्या घराची चूल त्या गाडीवर पेटत होती, त्या घरातल्या बाईने दुसऱ्या दिवशी काय केलं असेल, हाही प्रश्न मनात येतोच. पुढे त्या मार्गांवर चारचाकी गाड्या आल्या. लोक त्यांनाही ‘फटफट सेवा’च म्हणत राहिले.

तिकडे सौराष्ट्रात याच जातीची दुसरी गाडी वाढत होती. तिचं नाव छकडा. आपल्याकडे छकडा म्हणजे बैलांची हलकी गाडी, तोच हा शब्द. पुढे बुलेटचा सांगाडा, त्यावर डिझेल इंजिन, मागे माल भरायची पेटी. त्यात कापूस, दूध, शेळ्या आणि बाजाराला निघालेल्या बाया. पदर चाकात अडकायची भीती सगळ्यांना ठाऊक, तरी दुसरी गाडी नाही म्हणून त्यातच बसायचं. बुलेटच का? १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली आणि कित्येक वर्षं तिचा नमुना फारसा बदललाच नाही. इंजिन वेगळं, गिअरपेटी वेगळी. त्यामुळे एका गाडीचा भाग काढून दुसरीला चालायचा.

अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगाणी यांनी १९९४च्या सुमारास याच बुलेटला मागे दोन चाकं आणि अवजारं जोडली. दुष्काळ होता, बैल पोसणं जड झालं होतं. त्यांच्या ‘बुलेट सांती’ने नांगरणी, पेरणी, निंदणी होऊ लागली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, पेटंटही मिळालं. कौतुक आहेच. पण निंदणी म्हणजे बहुतेक ठिकाणी बायांची रोजंदारी. यंत्र आलं की ती मजुरी कुणाच्या हातून जाते, हेही बोलायला हवं. आमच्या गटात यावर एकमत झालेलं नाही.

आता २०२१चा एक नियम ऐका. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीची सरकार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करतं. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे शेडमध्ये झाकून ठेवलेली हार्ले वारसा ठरते. आणि दिल्लीच्या उन्हात सवाऱ्या वाहताना जिचं इंजिन बदललं, ती त्यात बसत नाही. धंद्याला वापरणारी तर नाहीच नाही.

तुमच्या गावात कुणाच्या सासऱ्यांनी, वडिलांनी अशी जोडजमाव करून गाडी उभी केली असेल, किंवा अशा गाडीतून तुम्ही बाळंतपणाला, बाजाराला गेला असाल, तर केंद्रावर या. पुढच्या महिन्यात आम्ही त्या आठवणी ध्वनिमुद्रित करणार आहोत. मिस्त्र्याचं नाव आठवत असेल तर तेही सांगा.