फुकट जागेचे भाडे

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या जिओसिटीजने सामान्य माणसाला संकेतस्थळासाठी फुकट जागा दिली. हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली अशा नावांच्या वस्त्या आणि त्यांत प्रत्येकाला घरक्रमांक! भाडे भरणार होते जाहिरातदार. १९९७ पासून सदस्यांच्या पानांवरच जाहिराती झळकू लागल्या. पण जाहिरातदाराला नुसती भिंत पुरत नाही. समोर कोण उभे आहे, हेही कळावे लागते. नोंदणी-अर्जात शिक्षण, उत्पन्न, आवडीनिवडी विचारल्या जात. ही माहिती दिलेला शब्द मोडून इतरांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि १९९८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पुढच्याच वर्षी याहूने साडेतीनशे कोटी डॉलरहून अधिक मोलाचे समभाग देऊन कंपनी घेतली. खरे तर विकली गेली ती लोकांनी हौसेने लिहिलेल्या पानांवरची वर्दळ. त्यातला एक डॉलरही लिहिणाऱ्यांना भाडे म्हणून मिळाला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील त्या वस्त्या बंद झाल्या.